थंडीनं आखडलेलं रोप उपाशी नसतं

संक्रांतीच्या आगेमागे कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. उन्हाळी ज्वारी किंवा मका पेरून पंधरा-वीस दिवस झाले, रोप बोटभर होऊन तिथंच थांबलं, पानं जांभळट पडली. आता काय फवारू? उत्तरही ठरलेलं असतं. एखादं टॉनिक, जोडीला १९:१९:१९, आणि अलीकडे मोबाइलवर फिरणारा नवा उपाय म्हणजे गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्याचा फवारा. रोप अशक्त झालंय, त्याला काहीतरी खाऊ घाला, असा या सगळ्यामागचा हिशेब.

हिशेब इथंच चुकतो. थंडीनं आखडलेल्या रोपाच्या पानात साखर कमी नसते. बहुतेक वेळा ती नेहमीपेक्षा जास्तच असते. रोपाला ती वापरता येत नाही, एवढंच. म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या थंडीत तृणधान्याच्या रोपासाठी जे काही करायचं, ते ऊब मिळवून देण्यासाठी करायचं. खाऊ घालण्याचा खर्च बहुधा वाया जातो.

असं का होतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

आपल्याकडची थंडी कोरड्या, निरभ्र आभाळाची. आभाळ भरून आलं की रात्री उलट उबदार होतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ८-९ अंशांवर गेला, तरी दुपारी लख्ख ऊन आणि २७-२८ अंश तापमान असतं. त्या उन्हात पान आपलं काम करतं आणि साखर तयार होते. पण नवं पान, नवं मूळ तयार होतं ते वाढीच्या टोकाशी. आणि ज्वारी, मका, गहू या सगळ्या पिकांचा वाढीचा कोंब सुरुवातीला जमिनीत किंवा जमिनीला टेकून असतो. ज्वारीत साधारण महिनाभर तो तिथंच राहतो. म्हणजे पान उन्हात आणि वाढीचं टोक गारठलेल्या मातीत. थंडीत पेशींची वाढ आधी थांबते, साखर तयार होण्याचं काम त्यामानानं उशिरा मंदावतं. मग साखर साचणारच. वसमतच्या बाजारात हळदीची आवक जोरात सुरू आहे आणि माल उचलणारी एकही गाडी येत नाही, अशा दिवशी गोदामाची जी गत होते, तीच या पानांची होते.

साचलेला माल प्रत्येक पीक आपल्या पद्धतीनं ठेवतं. गहू आणि सातूसारखी थंड हवेची पिकं त्याचं फ्रुक्टान नावाच्या साखरेच्या साखळीत रूपांतर करतात. गारठ्यात हा साठा त्यांच्या कामी येतो: पेशीरस घट्ट होतो, पेशींची आवरणं टिकतात. ज्वारी, मका, बाजरी ही मुळातली उष्ण हवेची पिकं. त्यांच्याकडे फ्रुक्टानची सोय नाही. दिवसा तयार झालेला माल पानातच स्टार्च म्हणून राहतो आणि रात्री तो मोडून मुळाकडे पोचवायचं कामही थंडीत रेंगाळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पानात कालचाच माल शिल्लक. काही दिवस असं चाललं की पान स्वतःच साखर बनवण्याचा वेग कमी करतं. पिवळेपणा यायला हेही एक कारण होतं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल, तर गावातल्या माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांना गाठा. कडाक्याच्या थंडीनंतर सूर्य उगवताना मक्याचं एक पान तोडायचं, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायचं, मग स्पिरिटच्या भांड्यात घालून ते भांडं गरम पाण्यात ठेवायचं. (स्पिरिट थेट जाळावर ठेवायचं नाही, ते पेट घेतं.) हिरवा रंग उतरला की पानावर आयोडीनचे थेंब टाकायचे. निळसर काळा रंग आला म्हणजे स्टार्च रात्रभर तिथंच पडून होता. हाच प्रयोग फेब्रुवारीअखेरच्या उबदार रात्रीनंतर करा, रंग बराच फिका येईल. दहावीच्या पोरांना धड्यातला प्रयोग शेतावर नेल्याचं समाधान आणि आपल्याला टॉनिकच्या पैशांची बचत.

आता त्या जांभळ्या रंगाविषयी. पानात साखर वाढली की अँथोसायनिन नावाचं जांभळं रंगद्रव्य तयार होतं. त्यातच गार जमिनीत मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत, आणि स्फुरदाच्या कमतरतेचा रंगही जांभळाच. म्हणून शेतकरी डीएपीकडे वळतो. दोन्हींतला फरक ओळखता येतो. थंडीचा जांभळेपणा एका वेळी बहुतेक सगळ्या रानावर दिसतो, सखल भागात अधिक. उबदार आठवडा मिळाला की नवं निघणारं पान हिरवं येतं. जमिनीतच स्फुरद कमी असेल तर रंग ठिकठिकाणी पट्ट्यात दिसतो, आधी खालच्या जुन्या पानांवर येतो आणि ऊब आली तरी हटत नाही. तेव्हा डबा उघडण्यापूर्वी पोंग्यातलं नवं पान पाहा. ज्वारी-मक्याच्या पानांवर कधी कधी आडवे पांढुरके पट्टेही दिसतात. पोंग्यात असताना पानाचा जेवढा भाग कडाक्याच्या रात्रीत सापडला, तेवढ्या भागात हरितद्रव्य भरलं नाही, असा त्याचा अर्थ. तो रोग नाही. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

खरं उपाशी रोप कसं दिसतं, तेही लक्षात ठेवा. खोल पेरलेलं किंवा सावलीत उगवलेलं रोप फिकट, लांबट, लेचंपेचं असतं. बोट लावलं की वाकतं. थंडीतलं रोप बुटकं, जाडसर, गडद रंगाचं. पहिल्याकडे साखर नाही, दुसऱ्याकडे साखर आहे पण वाढ नाही. १९९१ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मक्याच्या मुळांची टोकं कापून साखरेविना ठेवली, तेव्हा आधी त्यांचा श्वसनाचा वेग उतरला आणि मग ती स्वतःतली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मोडून जगू लागली. खरी उपासमार ती. आपल्या जानेवारीतल्या मक्याची अवस्था तशी नसते.

म्हणून साखरेच्या फवाऱ्यावर माझं मत स्पष्ट आहे: मारू नये. ज्या पानात आधीच साखर तुंबलीय, त्यावर वरून आणखी साखर टाकून काय साधणार? मुंग्या येतात, चिकट पानावर काळी बुरशी धरते. प्रयोगशाळेत परीक्षानळीतल्या रोपांना साखर देतात, हे खरं. पण तिथं त्यांना पुरेसं ऊन नसतं. आपल्याकडे उन्हाची काय टंचाई? जीवामृतातला गूळ हा वेगळा विषय. तो जमिनीतल्या जिवाणूंसाठी असतो, रोपासाठी नाही.

बियाणं जमिनीत असताना मात्र गोष्ट उलटी

साखरेची खरी ओढाताण होते ती उगवणीआधी. बियाण्यातला कोंब हिरवा होईपर्यंत त्याला दाण्यातल्या साठ्यावरच जगायचं असतं. मोड आलेला गहू चावून पाहा, गोड लागतो. दाणा भिजल्यावर कोंबाकडून जिबरेलिन हे संप्रेरक दाण्याच्या बाहेरच्या थराला जातं, तिथं अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चची साखर करतं. भाताच्या बियाण्यावरच्या अभ्यासात यातली आणखी एक गोष्ट दिसली: कोंबाजवळ साखर साचली की अमायलेज तयार होण्याला लगाम बसतो आणि साखर संपत आली की तो सुटतो. म्हणजे बियाणंही मागणी बघूनच माल सोडतं. मागणी ठरवते ती ऊब.

पण हा साठा मोजका असतो. मक्याचा दाणा अडीचशे-तीनशे मिलिग्रॅमचा, गव्हाचा पस्तीस-चाळीस, ज्वारीचा तीस-पस्तीस, आणि बाजरीचा जेमतेम दहा. मक्याला दहा दिवस जमिनीत काढणं जमतं. बाजरीला ते परवडत नाही. थंड जमिनीत आणखी एक नुकसान होतं, आणि ते पहिल्याच दिवशी. कोरडं बियाणं पाणी पितं त्या पहिल्या काही तासांत त्याच्या पेशींची आवरणं पुन्हा नीट बसायची असतात. ज्वारी-मक्यात त्या वेळी गारठा असला तर ती नीट बसत नाहीत आणि आतली साखर मातीत पाझरते. ही साखर बुरशांना आयतीच मिळते. बी कुजतं, उगवण विरळ येते, आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो. बियाणं कधी कधी खरोखर भिकार असतं, ते वेगळं; पण आधी पेरणीचा दिवस आणि वेळ आठवून पाहा.

यातून निघणारी पहिली सूचना साधी आहे. कोरड्यात पेरून रात्री गार पाणी सोडू नका. शेतीपंपाच्या विजेची पाळी बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणून अनेकांच्या हातून हेच होतं. त्यापेक्षा आधी रान ओलवा, वापसा येऊ द्या आणि ऊन तापल्यावर, अकरानंतर पेरणी सुरू करा. बियाण्याचं पहिलं पाणी पिणं निदान दुपारच्या उबेत होतं. दुसरा मार्ग म्हणजे ज्वारीचं घरचं बियाणं रात्री घरातल्या कोमट पाण्यात आठ-दहा तास भिजवून, सकाळी सावलीत सुकवून, ओल असलेल्या रानात पेरणं. नाजूक तास घरातच निघून जातात. कंपनीनं औषध लावून दिलेलं रंगीत बियाणं मात्र भिजवायचं नाही.

बीजप्रक्रियेला थंडीत दुप्पट किंमत आहे, कारण पाझरलेल्या साखरेवर बुरशी येणारच. थायरम किलोला ३ ग्रॅम, किंवा कार्बोक्सिन आणि थायरमचं तयार मिश्रण लेबलवरच्या प्रमाणात चोळा; ज्वारीला काणीसाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम. जिवाणू खत लावायचं असेल तर ते सगळ्यांत शेवटी, सावलीत.

आणि उगवण चाचणी गोणपाटात घरात करता, तशीच एक जोडी बाहेर करा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात, शंभर दाणे पेरणीच्या खोलीवर शेताच्या कोपऱ्यात. घरात नव्वद आणि शेतात साठ उगवले, तर बियाणं चांगलं आहे आणि तुमची घाई चुकीची आहे.

कधी पेरायचं, ते मातीला विचारा

गव्हाची वाढ ४-५ अंशांच्या वर सुरू होते, ज्वारी-मक्याची साधारण ८ ते १० अंशांच्या वर, बाजरीची त्याहून थोडी वर. ज्वारीसाठी १० धरून हिशेब मांडू. जानेवारीतल्या थंड दिवशी कमाल २७, किमान ९, सरासरी १८. त्यातून १० वजा केले की ज्वारीच्या कामाचे उरले ८ अंश. फेब्रुवारीअखेर कमाल ३३, किमान १६, सरासरी साडेचोवीस, उरले साडेचौदा. जानेवारीत ज्वारी सात दिवसांत जेवढी ऊब गोळा करते, तेवढी फेब्रुवारीअखेर चार दिवसांतच होते. तेव्हा शेजाऱ्यानं डिसेंबरअखेर पेरलं आणि आपण मागे राहिलो, म्हणून जीव कासावीस करू नका.

पण म्हणून फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावं असंही नाही. फार उशीर झाला तर दाणे भरण्याचा काळ एप्रिलअखेर-मेच्या भट्टीत सापडतो, आणि विहिरीनं तळ गाठलेला असतो. येलदरी-सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या कालव्याखाली रान असेल तर पाण्याच्या पाळ्या किती मिळणार हेही बघावं लागतं. माझा कल असा: केवळ वैरणीसाठी ज्वारी असेल तर थोडी थंडी सोसून पेरायला हरकत नाही, दाण्यासाठी असेल तर किमान तापमान सलग चार-पाच दिवस १२ च्या वर राहू लागलं की पेरा, आणि बाजरीला त्याहीनंतर आठवडा द्या.

यासाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी ग्रामीण कृषी हवामान सेवेची पत्रिका पाहत जा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला त्यात असतो. ‘मेघदूत’ ॲपवरही अंदाज मिळतो, आणि अडलं तर कळमनुरी तालुक्यात तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहेच. मात्र अंदाज हवेचा असतो, पेरायचं मातीत. वेधशाळेत मातीचं तापमान ५, १० आणि २० सेंमी खोलीवर मोजतात. आपल्याला ५ सेंमीचं पुरे. साधा मातीचा तापमापक आणून सकाळी साडेसात-आठला मोजा. ज्वारीला १५-१६ अंशांपुढे जाऊन तिथं टिकलं की चालतं. हवा ८ अंशांवर असली तरी काळी माती काही अंश उबदार असते, त्यामुळे आकडा पाहून पुष्कळांना दिलासाच मिळेल. २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीत पारा २-३ अंशांच्या घरात उतरला होता, तशी थंडी असेल तर मात्र पाभर गोठ्यातच बरी.

एकाच गावात सगळी रानं सारखी गार नसतात. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारानं खाली वाहते. कयाधूच्या काठची, ओढ्यालगतची सखल रानं पहाटे अधिक गारठतात. औंढा-सेनगावकडची उताराची हलकी रानं त्यामानानं बचावतात. आधी माळ पेरा, मग खोलगट रान. सरी-वरंब्यावर मका टोकणार असाल तर सऱ्या पूर्व-पश्चिम काढून वरंब्याच्या दक्षिण बगलेला बी टोका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून येतो. ओळीवरचा सोयाबीनचा भुसा, काडीकचरा बाजूला सारा. आच्छादन उन्हाळ्यात सोन्यासारखं, जानेवारीत मात्र ते मातीला ऊन लागू देत नाही.

खोलीही महत्त्वाची. ज्वारी ३-४ सेंमी, गहू ५ सेंमीच्या आसपास. प्रत्येक जादा सेंटिमीटर म्हणजे कोंबाच्या शिदोरीतला खर्च, आणि बुटक्या गव्हाचा कोंब मुळात आखूड असतो. स्फुरदाचं खत दुचाडी पाभरीनं बियाखाली पडू द्या. गारठलेल्या मुळांना ते जवळ सापडलं तर जांभळेपणा कमी येतो. पेरल्यावर फेकलेल्या डीएपीचा फारसा उपयोग नाही, स्फुरद जागचं हलत नाही.

पाण्याचं तारतम्य ठेवावं लागतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, पहाटे त्यातून वाफ निघताना दिसते. थंडीची लाट सांगितली असेल तर संध्याकाळी त्या पाण्यानं हलकी पाळी द्या, ओली माती दिवसाची ऊब रात्री धरून ठेवते. शेततळ्याचं किंवा कालव्याचं उथळ, गार झालेलं पाणी तेवढं कामाचं नाही. कोरड्या हवेत रात्री तुषार चालवणं तर अंगलट येऊ शकतं, कारण थेंब उडताना, वाळताना आणखी गार होतात. आणि रोज पाणी नको. सतत ओली काळी माती दिवसा तापत नाही, मुळं गुदमरतात.

युरियाची घाई ज्वारी-मक्यात करू नका. दोन नवी पानं हिरवी निघाली की मग द्या. मुळं कामाला लागल्याची ती खूण.

गव्हाचं वेगळं. त्याला हीच थंडी मानवते. वरची वाढ सावकाश असल्यानं शिल्लक राहिलेली साखर फुटव्यांकडे आणि मुकुटमुळांकडे जाते. वेळेवर पेरलेल्या गव्हाला फुटवे जास्त येतात त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, हेक्टरी १२०:६०:४० पैकी निम्मं नत्र पेरताना आणि निम्मं १८ ते २१ दिवसांनी पाण्याबरोबर. हे पाणी चुकवू नका. सोयाबीन-कापसामुळे डिसेंबर उजाडलाच तर निफाडच्या संशोधन केंद्राचा ‘फुले समाधान’ वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो. बियाणं हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो घ्या, कारण फुटवे कमी येणार.

शेवटी गोठ्याचं. थंडीनं खुंटलेली कोवळी ज्वारी मोडून जनावरांना घालण्याचा मोह होतो. घालू नका. ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचं द्रव्य असतं. ग्लुकोजशी बांधलेलं सायनाइड म्हणजे धुरिन. पान चघळलं की ते मोकळं होतं. वाढ खुंटलेल्या रोपात त्याचं प्रमाण जास्त राहतं, आणि आटोपलेल्या रानातला खोडवा फुटवाही तसाच घातक. फुलोऱ्यावर येईपर्यंत ज्वारीची हिरवी वैरण टाळा. चरून आलेलं जनावर धापा टाकू लागलं, लाळ गाळू लागलं, लडखडलं तर किराळ लागली असं समजा. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पशुवैद्यकाला फोनवरच किराळीची शंका सांगा, म्हणजे सोडियम थायोसल्फेट सोबत घेऊनच ते निघतील. आणि बाकीची जनावरं त्या रानातून लगेच बाहेर काढा.